दुसऱ्या बाणाची वेदना

कर्करोग हा शब्द आपल्या घरांतून अजूनही दबलेल्या आवाजात उच्चारला जातो. वडीलमाणसे मुलांदेखत तो टाळतात. शेजाऱ्यांनी विचारलेच तर ‘पोटाचा विकार’ किंवा ‘गाठ’ असे काहीतरी सांगून विषय बदलतात. हजेरीपट हाती धरणाऱ्या शिक्षकापासून मात्र ही गोष्ट फार दिवस लपत नाही. एखादा नियमित विद्यार्थी वरचेवर गैरहजर राहू लागतो, किंवा वर्गात बसूनही त्याचे चित्त वर्गात नसते. चौकशी केली म्हणजे कळते, की घरातले कोणीतरी इस्पितळात आहे. अशा मुलाच्या मनात दोन प्रश्न असतात. ‘आमचे माणूस बरे होईल ना?’ हा पहिला. त्याचे उत्तर डॉक्टरांनी द्यावयाचे. ‘तोवर आम्ही त्यांच्यासाठी काय करावे?’ हा दुसरा. ह्या दुसऱ्या प्रश्नाला काही उत्तर आहे, असे गेल्या काही दशकांतील संशोधनावरून दिसून येते. त्याचाच परिचय विद्यार्थी मित्रांना व त्यांच्या घरच्या मंडळींना करून देण्याचा प्रस्तुत लेखात आमचा मानस आहे.

रोग आणि क्लेश

पाली भाषेतील संयुत्तनिकाय ह्या ग्रंथात भगवान बुद्धांनी दिलेला एक दृष्टांत आहे. एका मनुष्यास बाण लागतो. त्याची वेदना होतेच. परंतु त्याच जखमेच्या जागी लागलीच दुसरा बाण येऊन लागावा, तसे सामान्य माणसाचे होते. पहिला बाण शरीराच्या दुःखाचा. दुसरा त्या दुःखामुळे मनात उठणाऱ्या भीतीचा, शोकाचा आणि तळमळीचा. ज्याने मनाला वळण लावले आहे, त्यालाही पहिला बाण चुकत नाही. पण दुसरा त्याला तितकासा लागत नाही.

आजच्या वैद्यकशास्त्राला हा भेद मान्य व्हावा, असे पुरावे पुष्कळ आहेत. शाळेत पावलाव्हच्या कुत्र्याचा प्रयोग आपण शिकतो. अन्नाबरोबर वारंवार घंटा वाजविली, की पुढे नुसत्या घंटेच्या नादाने कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटते. केमोथेरपी घेणाऱ्या काही रुग्णांच्या बाबतीत असाच, पण क्लेशकारक प्रकार घडतो. पहिल्या काही खेपांना औषधामुळे ओकाऱ्या होतात; पुढे औषध अंगात जाण्यापूर्वीच, इस्पितळाची पायरी चढताना किंवा तेथील वास नाकात शिरताच मळमळू लागते. ही मळमळ काल्पनिक नव्हे. ती खरीच असते. परंतु तिचे कारण ह्या वेळी बाटलीतील औषध नसून शरीराने शिकलेली आठवण असते.

वेदनेचेही असेच आहे. १९६५ साली रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल ह्या दोन शास्त्रज्ञांनी वेदनेविषयीचा ‘द्वार-सिद्धांत’ मांडला. जखमेकडून निघालेला संदेश तारेतून जाणाऱ्या विजेप्रमाणे थेट मेंदूपर्यंत पोहोचतो, अशी पूर्वी समजूत होती. ह्या दोघांनी असे प्रतिपादन केले, की पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूमध्ये जणू एक दार असते. ते कधी अधिक उघडते, कधी अर्धवट मिटते, आणि मेंदूकडून खाली येणारे संदेशही ते उघडण्या-मिटण्यास कारण होतात. ह्या सिद्धांताच्या तपशिलात पुढे पुष्कळ फेरफार झाले. पण भीती, चिंता, लक्ष व मनःस्थिती ह्यांचा वेदनेच्या तीव्रतेवर परिणाम होतो, हा त्यातला मुख्य मुद्दा टिकून राहिला. खेळताना गुडघा फुटलेल्या मुलाला खेळ संपेपर्यंत त्याचे भान नसते, हा तर आपल्या सर्वांचा अनुभव आहे.

१९६७ साली लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर हे आसन्नमरण रुग्णांसाठीचे शुश्रूषालय स्थापन करणाऱ्या डॉ. सिसिली सॉंडर्स ह्यांनी ह्यालाच ‘समग्र वेदना’ असे नाव दिले होते. शरीराचे दुःख, मनाची भीती, कुटुंबाची काळजी आणि ‘माझ्याच वाट्याला हे का?’ हा प्रश्न, ही सारी मिळून रुग्णाची वेदना होते, असे त्या सांगत. मुंबईस वांद्रे येथे १९८६ साली सुरू झालेले आणि पुढे आमच्या गोव्यात लोटली येथेही शाखा उघडलेले शांती अवेदना सदन त्याच विचाराचे आपल्याकडील फळ होय.

अवधान म्हणजे काय?

दुसऱ्या बाणावरील एक उपाय म्हणजे अवधानाचा अभ्यास. पालीतील मूळ शब्द ‘सति’, संस्कृतात ‘स्मृति’. टी. डब्ल्यू. ऱ्हीस डेव्हिड्स ह्या इंग्रज पंडिताने १८८१ साली त्यासाठी ‘माइंडफुलनेस’ हा शब्द योजला आणि तोच आज जगभर रूढ झाला आहे. ह्या विद्येशी आपल्या भूमीचा जवळचा संबंध आहे. गोव्यातील सांकवाळ येथे १८७६ साली जन्मलेले धर्मानंद कोसंबी ज्ञानाच्या ओढीने घर सोडून गेले, पाली भाषेचे गाढे पंडित झाले, आणि कोकणी ही घरची बोली असूनही त्यांनी बुद्धविचार मराठीतून महाराष्ट्राच्या दारी आणला. ध्यानमार्गाचे सांगोपांग विवेचन करणाऱ्या ‘विसुद्धिमग्ग’ ह्या ग्रंथाच्या संपादनासाठी १९१० साली ते अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात गेले होते. ती आवृत्ती त्यांच्या निधनानंतर, १९५० साली प्रसिद्ध झाली.

त्याच अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात १९७९ साली जॉन कबात-झिन ह्या जीवशास्त्रज्ञाने वैद्यकीय विद्यालयाच्या इस्पितळात एक वर्ग सुरू केला. औषधांनी पुरता आराम न पडलेले, दीर्घकाळ दुखण्याने गांजलेले रुग्ण त्याकडे पाठविले जात. वर्गात कोणताही धर्म शिकविला जात नसे; शिकविली जाई ती केवळ लक्ष देण्याची रीत. ह्या अभ्यासक्रमाचे आजचे स्वरूप आठ आठवड्यांचे आहे. आठवड्यातून एकदा सुमारे अडीच तासांचा वर्ग, घरी रोजचा सराव आणि मध्ये एक पूर्ण दिवसाचे मौन.

पहिला धडा बहुधा एका मनुकेचा असतो. मनुका तळहातावर घ्यावयाची, तिच्या सुरकुत्या न्याहाळावयाच्या, वास घ्यावयाचा, मग ती जिभेवर ठेवून सावकाश चावावयाची. एवढ्याने रोग कसा हटणार, असे कोणी हसून म्हणेल. रोग हटत नाहीच. परंतु आपण किती गोष्टी भानाविना करतो, हे त्या एका मनुकेने ध्यानात येते. पुढे रुग्णास निजवून पायाच्या अंगठ्यापासून मस्तकापर्यंत एकेका अवयवाकडे क्रमाने लक्ष नेण्यास शिकवितात. कोठे दुखत असेल तर तेथून पळावयाचे नाही, की त्याच्याशी झगडावयाचे नाही. ‘येथे ठणका आहे, येथे तो कमी आहे’ एवढेच पाहावयाचे. मन भटकले तर स्वतःवर न रागावता त्यास पुन्हा श्वासावर आणावयाचे. ‘उद्याच्या तपासणीत काय निघेल?’ हा विचार आला, तर तो एक विचार आहे, उद्या नव्हे, हे ओळखावयाचे.

येथे एक गैरसमज दूर करणे अगत्याचे आहे. अवधान म्हणजे ‘नेहमी चांगलेच विचार करा’ असा उपदेश नव्हे. ‘तुम्ही मन खंबीर ठेवले नाही म्हणून रोग बळावला’, असे रुग्णास सांगणारे हितचिंतक आपल्याकडे कमी नाहीत. असे बोलणे निर्दयपणाचे तर आहेच, शिवाय त्यास शास्त्राचा आधारही नाही. अवधानात भीतीलाही बसावयास जागा दिली जाते. मात्र घराच्या किल्ल्या तिच्या हाती दिल्या जात नाहीत.

संगीताचे कार्य

तानसेनाने दीपक राग गाताच दिवे पेटले, मेघमल्हाराने पाऊस पडला, ह्या आख्यायिका आपण लहानपणापासून ऐकत आलो आहो. त्यांचाच पुढला अवतार म्हणजे ‘अमक्या रोगावर अमका राग’ अशी कोष्टके. संगीतावर आमचे प्रेम आहे. म्हणूनच असे म्हणावेसे वाटते, की अमुक एक राग ऐकून कर्करोगाची गाठ विरघळते, ह्याला कसलाही भरवशाचा पुरावा नाही. संगीताचे खरे कार्य निराळे आहे, आणि ते काही थोडे नव्हे.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेतील इस्पितळांत जखमी सैनिकांपुढे वादक वाजवीत असत. त्यातून ह्या कामाला स्वतंत्र शिक्षण हवे ही जाणीव वाढली, आणि १९५० साली संगीतोपचारकांची राष्ट्रीय संघटना तेथे स्थापन झाली. १९७८ साली कॅनडातील मॉंट्रियल येथील सुझन मन्रो आणि डॉ. बाल्फोर माउंट ह्यांनी मरणासन्न रुग्णांच्या शुश्रूषेत संगीताचा उपयोग कसा होतो, ह्यावर वैद्यकीय नियतकालिकात लेख लिहिला.

शिकलेला संगीतोपचारक नुसती ध्वनिमुद्रिका लावून निघून जात नाही. तो रुग्णाच्या उशाशी बसतो, त्याची आवड विचारतो, त्याच्या श्वासाची आणि मनःस्थितीची गती पाहतो. बेचैन माणसापुढे एकदम संथ गीत सुरू केले तर ते त्याला परके वाटते. म्हणून आरंभी त्याच्या बेचैनीशी जुळणारी लय धरून मग हळूहळू ती उतरवीत नेतात. कधी रुग्ण स्वतः गुणगुणतो, कधी हाताने ठेका धरतो, कधी आपल्या माणसांसाठी चार ओळी रचतो. ज्याच्या शरीरावर दिवसभर इतरांचीच सत्ता चालते, सुई केव्हा टोचावी, जेवण केव्हा यावे हे इतरच ठरवितात, त्याला ‘आता कोणते गाणे म्हणू?’ असे कोणी विचारावे, ह्यातच अर्धा उपचार आहे, असे आम्हांस वाटते.

गाणे कोणते असावे, ह्याला एकच एक उत्तर नाही. शास्त्रीय संगीतच श्रेष्ठ म्हणून तेच ऐकविण्याचा आग्रह व्यर्थ होय. कोणा आजीला जात्यावरच्या ओव्या हव्या असतील, कोणास देवळातील घुमट-आरती, कोणास मांडो, तर कोणास तरुणपणी पाहिलेल्या नाटकातले पद. घरी एक भाषा व शाळेत दुसरी असणाऱ्या आमच्यासारख्यांना हे सहज समजावे. परीक्षेचे उत्तर माणूस कोणत्याही भाषेत लिहील; पण दुखणाईत असताना त्याला आईच्या बोलीतला अंगाईचा सूर हवासा वाटला, तर त्यात नवल काय?

कसोटीचा प्रश्न

‘बरे वाटले’ असे कोणी म्हणाले, एवढ्याने उपाय सिद्ध होत नाही. ते बरे वाटणे काळाने आले, औषधाने आले, की खरोखरच त्या उपायाने, हे कळावे कसे? ह्यासाठी संशोधक चिठ्ठ्या टाकून रुग्णांचे दोन गट करतात. एकाला नेहमीच्या उपचारांबरोबर नवा उपाय दिला जातो, दुसऱ्याला नेहमीचेच उपचार. आणि मग दोहोंची तुलना होते.

कॅनडातील कॅल्गरी येथे अशी एक परीक्षा झाली व तिचा वृत्तांत २००० साली प्रसिद्ध झाला. कर्करोगाच्या ९० रुग्णांपैकी काहींना सात आठवडे अवधानाचे शिक्षण मिळाले, बाकीचे आपल्या पाळीची वाट पाहत राहिले. शिक्षण घेतलेल्यांच्या मनाची अस्वस्थता, प्रश्नावलीच्या गुणांवरून मोजता, ६५ टक्क्यांनी आणि ताणाची लक्षणे ३१ टक्क्यांनी उतरली.

दुसरी परीक्षा न्यूयॉर्क आणि क्लीव्हलँड येथील इस्पितळांतली. तिचा वृत्तांत २००३ सालचा. रक्ताच्या कर्करोगांसाठी तीव्र केमोथेरपी देऊन नंतर रुग्णाच्याच मूलपेशी त्यास परत देण्याचा उपचार असतो. ह्या काळात रुग्णाला इतरांपासून दूर, एकांतात दिवस काढावे लागतात. अशा ६९ जणांपैकी ज्यांच्याकडे संगीतोपचारक जात होते, त्यांच्या मनाच्या अस्वस्थतेचे गुण इतरांपेक्षा ३७ टक्क्यांनी कमी आढळले.

एकदोन परीक्षांवर विसंबू नये, म्हणून कॉक्रेन ही आंतरराष्ट्रीय संस्था सर्व परीक्षांची एकत्र छाननी करते. कर्करोग व संगीत ह्या विषयावरील तिच्या २०२१ सालच्या छाननीत ८१ परीक्षा आणि ५,५७६ रुग्ण होते. प्रौढ रुग्णांची चिंता, खिन्नता, वेदना व थकवा संगीताने कमी होत असावा, असा निष्कर्ष निघाला. चिंता मोजण्याच्या २० ते ८० गुणांच्या मापावर सरासरी सुमारे ८ गुणांचा उतार दिसला. त्याच छाननीत हेही बजावले होते, की पुष्कळ परीक्षा सदोष असल्याने ह्या निष्कर्षावर बेताचाच विश्वास ठेवावा. कारण उघड आहे. औषधाच्या परीक्षेत रंग-रूप सारखे असलेली खोटी गोळी देता येते. पण गाणे ऐकणाऱ्यापासून आपण गाणे ऐकत आहो ही गोष्ट कशी लपविणार? असे असूनही २०२३ साली कर्करोगतज्ज्ञांच्या दोन संस्थांनी मिळून काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत चिंता व खिन्नता ह्यांवर अवधानाच्या अभ्यासाची ठाम शिफारस केली, आणि उपचार चालू असतानाच्या चिंतेवर संगीतोपचाराचीही, थोड्या बेताने, शिफारस केली.

जोडीला, बदली नव्हे

आता ह्या लेखातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट. वरील साऱ्या परीक्षा औषधोपचार, शस्त्रक्रिया वा किरणोपचार घेणाऱ्या अथवा घेतलेल्या रुग्णांच्या आहेत. त्यांच्या बदली काही करणाऱ्यांच्या नव्हेत. अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात, रोग शरीरभर पसरलेला नसताना प्रचलित उपचार नाकारून केवळ पर्यायी उपचारांवर राहिलेल्या २८१ रुग्णांची तुलना प्रचलित उपचार घेतलेल्यांशी केली. पहिल्या गटात मृत्यूचा धोका सुमारे अडीच पट निघाला. ‘भोंदूकडे जाण्याने बिघडले काय?’ ह्या प्रश्नाचे हे उत्तर आहे. बिघडतो तो वेळ, आणि कर्करोगात वेळ म्हणजेच आयुष्य.

वेदनेच्या बाबतीतही तसेच. जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ साली कर्करोगाच्या वेदनेवर औषधांची तीन पायऱ्यांची शिडी सांगितली. साध्या वेदनाशामकापासून आरंभ करून गरजेप्रमाणे मॉर्फीनपर्यंत ती चढते. ज्याला मॉर्फीनची गरज आहे, त्याला गाणे ऐकवून गप्प बसविणे हा उपचार नसून उपेक्षा होय. आधी औषध, आणि औषधाच्या जोडीला सूर, हाच योग्य क्रम.

आपले कर्तव्य

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्या घरी असा प्रसंग आला तर तुम्ही संगीतोपचारक किंवा ध्यानगुरू व्हावे, अशी कोणाची अपेक्षा नाही. परंतु काही साध्या गोष्टी तुमच्या हातच्या आहेत.

रुग्णाला काय ऐकावयाचे आहे, ते त्यालाच विचारा. ‘काही नको’ असे उत्तर आले तर त्याचाही मान राखा. कित्येकदा स्वस्थता हेच सर्वांत गोड संगीत असते. आवाज मंद ठेवा, आणि इस्पितळात शेजारच्या खाटेवरही एक दुखणाईत आहे, हे विसरू नका. गाणे ऐकता ऐकता डोळ्यांत पाणी आले तर घाबरून ते बंद करू नका. ‘राहू दे की थांबवू?’ एवढेच विचारा. अश्रू येणे म्हणजे उपाय फसला असे नव्हे.

श्वासाकडे शांतपणे पाहण्याचा सराव करावयाचा असल्यास, डॉक्टरांच्या संमतीने आणि रुग्णाच्या इच्छेने पाच मिनिटे तुम्हीही त्याच्याशेजारी बसून करा. डोळे मिटल्यावर भीती अधिकच दाटते, असा काहींचा अनुभव असतो. त्यांना आग्रह करू नका. खिन्नता फार वाढली, झोप अन्न तुटले, तर मोठ्यांना व डॉक्टरांना सांगा. दुखते म्हणून सांगितले तर ते ऐका, आणि केव्हा, कोठे, किती दुखले हे एका वहीत लिहून ठेवा. ती वही डॉक्टरांच्या फार उपयोगी पडते. आणि हे सारे करताना रात्र रात्र जागणाऱ्या आपल्या आईकडे वा वडिलांकडेही पाहा. दुसरा बाण त्यांनाही लागलेला असतो, आणि कदाचित तुम्हालाही. तुमच्या मनात साचलेले एखाद्या विश्वासातल्या माणसाजवळ, शिक्षकांजवळ बोला. त्यात कमीपणा नाही.

पहिला बाण काढण्याचे काम शस्त्र आणि औषध ह्यांचे आहे. ते ज्यांचे त्यांनाच करू द्यावे, आणि वेळेवर करू द्यावे. दुसऱ्या बाणाच्या बाबतीत मात्र शेजारी बसलेल्या माणसालाही काही करता येते. घाईने उपदेश न करता जवळ बसणे, नीट ऐकणे, आणि हवे असल्यास हळू आवाजात एखादे ओळखीचे गाणे म्हणणे, एवढे तर आपल्यापैकी प्रत्येकाला साधण्यासारखे आहे.